विरजण न हलता वाईहून पुण्याला

गेल्या अंकात मी एका ओळीत लिहून गेलो होतो, की आमच्या घरी पंधरा वर्षांनी नवी गाडी आली. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर तिलाच देतो आहे. आधी थोडी ओळख करून देतो, म्हणजे उत्तरं नीट कळतील. जुनी गाडी फियाट लिनिया, २०१० सालची, १.३ डिझेल. नवी स्कोडा स्लाव्हिया, एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. लिनिया रांजणगावला तयार झालेली, स्लाव्हिया चाकणला. दोघी पुणे जिल्ह्याच्याच लेकी, याचं मला अप्रूप आहे. माझी सगळी नोकरी भोसरीच्या एका टूलरूममध्ये गेली, त्यामुळे इथे बनलेल्या वस्तूकडे मी जरा जास्त वेळ बघत बसतो. घर डहाणूकर कॉलनीत. सोमवार ते शनिवार गाडी बायकोकडे, रविवारी आणि गावाला जाताना माझ्याकडे. आई ७९ वर्षांची, तिची जागा मागे डावीकडे. मुलाला नुकतंच पक्कं लायसन मिळालंय. गाडी येऊन चार महिने झाले आणि साडेचार हजार किलोमीटर झाले.

प्रश्न : आमच्या सोसायटीत गेल्या वर्षभरात आलेली प्रत्येक गाडी उंच, एसयूव्ही पद्धतीची आहे. तुम्ही सेडान का घेतलीत? (सहकारनगरहून एक वाचक)

उत्तर : आईच्या हातामुळे. आम्ही दोन गाड्या चालवून बघितल्या, एक उंच आणि एक ही. दोन्ही वेळा आईला मागे बसवलं आणि चांदणी चौकातून भूगाव, भुकूम करत पिरंगुटच्या घाटापर्यंत गेलो. घाट लहानसाच आहे, पण वळणं खरी आहेत. मी आरशातून आईचा हात बघत होतो. उंच गाडीत पहिल्याच वळणाला तिचा हात दारावरच्या मुठीकडे गेला आणि घाट संपेपर्यंत तिथेच राहिला. सेडानमध्ये तोच घाट, तोच वेग, आणि हात मांडीवर. तिला मी काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. मला माझं उत्तर मिळालं होतं.

त्यामागचं कारण साधं आहे. गाडीचं वजन आणि बसणारी माणसं जमिनीपासून जितकी वर, तितकी गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला जास्त कलते. ते कलणं रोखायला सस्पेन्शन कडक केलं, तर खड्डे कमरेला लागतात. सेडानमध्ये माणूस मुळातच खाली बसतो, म्हणून स्प्रिंग थोडी मऊ ठेवूनही गाडी सरळ राहते. स्लाव्हियात ही तडजोड मला फार छान जमलेली वाटते. खड्ड्यात चाक गेल्याचं कळतं, पण एक दणका बसून विषय संपतो. नंतर गाडी हलत राहत नाही. कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या खांबांशेजारी जिथे डांबराचे थरावर थर चढलेत, तिथे हे दर वेळी अनुभवतो.

गाड्या आपटून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनसीएपी या संस्थेच्या २०२३ च्या क्रॅश टेस्टमध्ये या गाडीला मोठ्यांच्या आणि मुलांच्या, दोन्ही सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळालेत. उंच गाडीच तेवढी मजबूत, ही समजूत मनातून काढून टाका. मजबुती सांगाड्याच्या रचनेत असते, उंचीत नाही. मागच्या सीटवर पट्टा मात्र लावायलाच हवा. आईला आधी तो पोटावर काचायचा. कमरेचा भाग पोटाखाली, हाडावर बसवून दिला, तेव्हापासून तिची तक्रार नाही.

सेडानची खरी अडचण आहे ती उतरण्या-चढण्याची. सीट खाली, गुडघे कुरकुरणारे. त्यावर आम्ही दोन गोष्टी शिकलो. पहिली, आधी पाठमोरं होऊन सीटवर बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. एक पाय आत टाकून वाकून शिरायचं नाही. दुसरी जास्त कामाची. गाडी फुटपाथला खेटून उभी करायची नाही. म्हाताऱ्या माणसाला फुटपाथवरून बसायला लावलं, की सीट आणखी सहा-आठ इंच खाली जाते. गाडी फुटपाथपासून दोन-अडीच फूट लांब थांबवा, त्यांना रस्त्यावर उभं राहू द्या. एवढ्याने आईचं उतरणं निम्म्याने सोपं झालं.

प्रश्न : सेडान खाली घासते का? आमच्या गल्लीतले स्पीडब्रेकर म्हणजे बांधच आहेत. (बिबवेवाडी)

उत्तर : स्लाव्हियाचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची मोकळी जागा, १७९ मिलिमीटर आहे. हा आकडा रिकाम्या गाडीचा. पाच माणसं आणि भरलेली डिकी असली, की मागची बाजू बरीच खाली बसते. शिवाय दोन चाकांमधलं अंतर २६५१ मिलिमीटर आहे, त्यामुळे पुढचं चाक उतरलं आणि मागचं अजून चढायचं आहे, त्या क्षणी पोट सगळ्यात जवळ येतं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तसा असेल तर ही गाडी कधीच घासणार नाही. पण सोसायट्यांनी रातोरात सिमेंट ओतून केलेले उंचवटे उंचीला त्याहून जास्त आणि रुंदीला हातभरच असतात. त्यांच्यावर जाताना ब्रेक आधी मारा आणि चाक चढण्यापूर्वी सोडून द्या. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली गेलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच ते आपटतं. मग थोडं तिरकं जा, एका वेळी एकच चाक चढेल असं. चार महिन्यांत माझी गाडी एकदाच घासली, सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीच्या फाटकात, पाच माणसं असताना. त्या दिवशी ब्रेक सोडायला मला उशीर झाला होता. आता तिथे दोघांना फाटकापाशी उतरवतो.

प्रश्न : आम्हीही पहिलीच ऑटोमॅटिक घेतली आहे. घाटात, विशेषतः उतारावर, ती कशी चालवायची? शोरूममध्ये फक्त "डी मध्ये टाका आणि निघा" असं सांगितलं. (कात्रज)

उत्तर : हा या पत्रांमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तुम्ही तर त्या उताराच्या तोंडाशीच राहता.

साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवा बोगदा संपला, की नवले पुलापर्यंत सलग उतार लागतो. रस्ता रुंद आहे, डोळ्याला उतार फारसा जाणवत नाही, आणि तिथेच फसगत होते. काही अवजड गाड्यांचे चालक डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरतात, मग ब्रेक तापून निकामी होतात. या टप्प्यावर किती जीव गेलेत, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. मी तिथून जाताना पुढच्या गाडीइतकाच मागच्या ट्रककडे लक्ष ठेवतो आणि शक्य तितक्या डाव्या लेनला राहतो.

ब्रेक म्हणजे घर्षण आणि घर्षण म्हणजे उष्णता. लांब उतारावर पाय ब्रेकवर ठेवूनच राहिलात, तर पॅड तापतात, त्यांची पकड कमी होते. आणखी तापलं तर ब्रेक ऑइलमध्ये बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. म्हणून जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. ऑटोमॅटिकलाही हा नियम तसाच लागू आहे. फरक इतकाच, की डी मध्ये, म्हणजे आपोआप गिअर बदलत पुढे जायच्या स्थितीत, असलेल्या गिअरबॉक्सला पेट्रोल वाचवायचं असतं, तो झटपट वरच्या गिअरला जातो आणि इंजिनाचा अडसर मिळत नाही.

तेव्हा उतार सुरू होण्याआधी, बोगद्यातून बाहेर पडताच, गिअर आपल्या हातात घ्या. आमच्या गाडीत लिव्हर बाजूला सरकवला, की पुढे-मागे ढकलून गिअर बदलता येतो. मी तिसरा घेतो. वेग तरीही वाढत असेल तर दुसरा. इंजिनाचा आवाज चढतो, इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएम) काटा तीन-साडेतीन हजारांवर जातो. नवख्या माणसाला वाटतं, इंजिनाला त्रास होतोय, पेट्रोल जळतंय. दोन्ही खरं नाही. ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना आजची इंजिनं पेट्रोलचा फवारा पूर्ण बंद करतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरतं पेट्रोल जळतच असतं. आता ब्रेक लागेल तेव्हाच, थोडा वेळ पण ठाम दाबायचा आणि सोडायचा. पायाने पेडलला नुसतं कुरवाळत राहायचं नाही. आणि उतारावर गाडी चालू असताना एन ला, म्हणजे न्यूट्रलला, हातसुद्धा लावू नका.

चढताना दुसरी गोष्ट. लहान टर्बो इंजिनांचा स्वभाव असा, की टर्बोने दम भरेपर्यंत ती जरा थंड असतात. या इंजिनाचा १७८ न्यूटन मीटरचा सगळा जोर १७५० आरपीएमच्या पुढे मिळतो. वळणावर वेग फार पडू दिला आणि मग एकदम पाय दाबला, तर क्षणभर काहीच होत नाही आणि मग गिअर खाली येऊन गाडी उसळते. त्याऐवजी वळणाच्या आधीच एक गिअर खाली घेऊन ठेवा. खंबाटकी चढताना मी डी सोडून एस (स्पोर्ट) मध्ये जातो, तिथे गिअरबॉक्स इंजिनाला जागं ठेवतो. लिनियाचं डिझेल मोठ्या बैलासारखं, २०९ न्यूटन मीटर, मान खाली घालून ओढायचं. या इंजिनाला चालतं ठेवावं लागतं. एकदा ते समजलं, की ११५ अश्वशक्ती पाच माणसांना पुरून उरते.

प्रश्न : काका, तुम्ही या सदरात नेहमी गिअर टाकण्याच्या कलेबद्दल लिहिता. मग स्वतःच्या घरात ऑटोमॅटिक? मजा गेली नाही का? मी वीस वर्षांचा आहे आणि मला खरं उत्तर हवंय. (नऱ्हे)

उत्तर : खरंच सांगतो तुला. निर्णय झाला त्या रात्री मला वाईट वाटलं होतं. मी गाडी शिकलो ती काकांच्या प्रीमियर पद्मिनीवर, जिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असायचा. लिनियाचं स्टिअरिंग हायड्रॉलिक होतं, चाकाखालचा खडा तळहाताला कळायचा. क्लच, गिअर, ॲक्सिलरेटर या तिघांना एकत्र आणायला मी चाळीस वर्षं घालवली, आणि त्यातला एक भिडू आता घरातून जाणार होता.

पण आठवड्यातले सहा दिवस ही गाडी तुझ्या काकू चालवतात. डहाणूकर ते औंध, सकाळी जाणं आणि संध्याकाळी विद्यापीठ चौकातून येणं. त्यांचा डावा गुडघा दोन वर्षांपासून दुखतोय. एका संध्याकाळी मी सहज शेजारी बसून मोजलं, औंधहून घरी येईपर्यंत त्यांनी २१४ वेळा क्लच दाबला. त्यानंतर माझ्याकडे बोलायला काही राहिलं नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. ब्रेक सोडला की गाडी आपणहून मुंगीच्या पावलाने सरकते. पौड फाट्याच्या गर्दीत याच्याइतकं सुख नाही. त्या आता घरी आल्यावर आधी पाय शेकायला बसत नाहीत.

एक इशारा देतो, कारण तूही कधीतरी कुणाची ऑटोमॅटिक चालवशील. पहिल्या दिवशी कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला गाडी थांबवताना माझा डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला आणि ब्रेकच्या रुंद पेडलवर पूर्ण जोराने पडला. गाडी जागच्या जागी थांबली. मागचा रिक्षावाला सावध होता म्हणून वाचलो. तेव्हापासून गाडीत बसलो, की डावा पाय आधी मागे, सीटखाली ओढून घेतो. पहिले पंधरा दिवस हे जाणीवपूर्वक कर.

आता मजेबद्दल. यंदा भाऊबीजेला आईला वाईला तिच्या भावाकडे घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी तिच्या आग्रहाखातर पसरणी घाटाने पाचगणीला जाऊन आलो. या घाटात आईला पन्नास वर्षं उलटी होत आली आहे. एसटीत झाली, पद्मिनीत झाली, लिनियातही झाली. मी लिंबू आणि पिशवी घेऊनच निघालो होतो.

उलटी का होते? कान मेंदूला सांगतो, आपण हलतोय. डोळ्यांना समोर फक्त सीटची पाठ दिसते, ते सांगतात, आपण बसलोय. या भांडणात पोट बिघडतं. ड्रायव्हरच्या हातात एवढंच, की कानाला धक्के देऊ नयेत. त्या दिवशी डावा हात मोकळा, डावा पाय मोकळा, सगळं लक्ष उजव्या पायाच्या अंगठ्यात होतं. वळण दिसलं, की बरंच आधी ब्रेक, हलकेच सुरू करून हलकेच संपवायचा, जेणेकरून थांबताना मान पुढे जाऊन मागे येणार नाही. वळणात शिरताना ब्रेक सुटलेला. स्टिअरिंग एकाच चालीने फिरवायचं, तिथे धरून ठेवायचं, आणि वळण उलगडेल तसं सोडत यायचं; मध्येच दुरुस्ती नाही. वरून एसटी येत असेल, तर वळणाच्या अलीकडेच थांबून तिला सगळा रस्ता द्यायचा. गिअर कधी बदलला, हे मला काट्यावरून कळत होतं, कानाला किंवा कमरेला नाही. आईला मी खिडकीतून लांब, धोमच्या पाण्याकडे बघत राहा म्हणून सांगितलं होतं. अर्ध्या घाटात आरशात बघितलं, तर तिची मान सीटला टेकलेली, तोंड किंचित उघडं. झोपली होती. मी गाडीतलं गाणं बंद केलं आणि उरलेला घाट जितका जपून चालवला, तितका आयुष्यात कुठला चालवला नसेल.

परत निघताना मामीने स्टीलच्या डब्यात दुधाला विरजण लावून दिलं, घरच्या म्हशीचं दूध. "पुण्यात असलं दही मिळत नाही," म्हणाली. आई म्हणाली, अगं, हलेल, पाणी सुटेल, लागणार नाही. डबा तिच्या पायापाशी, दोन उशांच्या मध्ये ठेवला. खंबाटकीचा बोगदा, पुढचं ते वाकडंतिकडं वळण, शिरवळ, खेड शिवापूरच्या टोलची रांग, कात्रजचा बोगदा, नवले पुलाचा उतार, वारजे. एक वाजता निघालो, साडेतीनला घरी. डबा ओट्यावर ठेवला. संध्याकाळी सातला आईने झाकण काढलं आणि मला हाक मारली. दही कवडीसारखं लागलं होतं. तिने त्यात उलथण्याची कड उभी घातली, कापल्यासारखी फोड निघाली, बाजूला पाण्याचा थेंब नाही. तिने काही न बोलता पहिली वाटी माझ्यापुढे ठेवली.

मजा गेली का, म्हणून विचारतोस. क्लचची गेली. ती आठवते, आणि मॅन्युअल गाडी हातात आली की अजूनही जीव हरखतो. पण गिअर टाकण्यात मी इतकी वर्षं जे शोधत होतो, ते त्या डब्यात होतं.

प्रश्न : ॲव्हरेज किती देते? आणि ई२० पेट्रोलचं काय? (तळेगाव आणि इचलकरंजीहून दोन पत्रं)

उत्तर : शहरात साडेदहा ते अकरा, हायवेला ऐंशी-नव्वदच्या वेगाने सतरा. हे आकडे डॅशबोर्डवरचे नाहीत. मी एकाच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरतो, पुढच्या वेळी तसंच भरतो आणि किलोमीटरला लिटरने भागतो. तुम्हीही तसंच करा, सलग तीन टाक्या, मग सरासरी काढा.

इथेनॉलमध्ये त्याच मापाच्या पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे वीस टक्के इथेनॉल मिसळलं, की ॲव्हरेज थोडं उतरणारच. त्यात गाडीचा दोष नाही. आताच्या नव्या गाड्यांचे पाइप आणि रबर ई२० साठी केलेले असतात. जुनी गाडी असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी पेट्रोलचे पाइप आणि सील बघून घ्यायला सांगा.

प्रश्न : चार मीटरच्या आतली सेडान घेतली असती तर कर वाचला नसता का? (चिंचवड)

उत्तर : वाचला असता. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लहान आणि छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचा कर कमी झाला, तेव्हापासून डिकी आखूड केलेल्या सेडान निघाल्या. तुमच्या गावाला लागूनच, पिंपरीच्या टाटांनी २००८ मध्ये इंडिगो सीएस आणली, ती या जातीची पहिली. आज फरक असा आहे : २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर जीएसटी १८ टक्के, मोठ्यांवर ४०. आमच्या मापाच्या गाडीवर आधी सेस धरून ४५ टक्के होता, म्हणून आम्हीही घटस्थापनेपर्यंत थांबलो आणि दसऱ्याला गाडी घरी आणली. पण ४५४१ मिलिमीटर लांबीतली मागची सीट आणि ५२१ लिटरची डिकी आम्हाला हवी होती. दोन सुटकेसा, मुलाचा तबला-डग्गा आणि मामीची हळदीची गोणी एकावर एक न रचता बसते. फक्त तोंड अरुंद असल्याने उंच खोकी जात नाहीत, हे लक्षात ठेवून घ्या.

प्रश्न : नवी गाडी ताब्यात घेताना काय तपासावं? (कोथरूड)

उत्तर : यादी सगळेच देतात, मी एकच गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या बाबतीत घडली. दसऱ्याच्या दिवशी शोरूममध्ये पंचवीस गाड्या एकदम द्यायच्या होत्या. हार, पेढे, फोटो सगळं झालं. घरी येताना मला गाडी अस्वस्थ वाटली. प्रत्येक सांध्यावर उडत होती. जी गाडी पिरंगुटला इतकी शांत होती, ती हीच का, असा प्रश्न पडला. मला रात्रभर झोप नाही. सकाळी आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्याकडे नेली. चारही चाकांत सांगितल्यापेक्षा दहा पीएसआय हवा जास्त. कारखान्यातून निघालेल्या गाड्या आठवडेच्या आठवडे यार्डात उभ्या असतात, टायर बसू नयेत म्हणून हवा जादा भरलेली असते. ती गिऱ्हाइकाला देताना कमी करायची, हे शोरूमचं काम. माझ्या वेळी ते झालं नाही, आणि फोन केल्यावर "सर, नवीन गाडी आहे, सवय होईल" असं उत्तर मिळालं. याचा मला मनापासून राग आला, कारण जास्त हवेच्या टायरची जमिनीवरची पकड कमी होते, आणि त्या रात्री माझ्या मागे आई बसली होती.

हवेचा योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा वेगवेगळा असतो. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी, घराजवळच मोजा. शोरूममधून बाहेर पडण्याआधी तो आकडा दाखवून मोजून मागा. पहिले हजार-पंधराशे किलोमीटर गाडी ताणू नका आणि तासन्‌तास एकाच वेगाने पळवूही नका. बाकी रंगावरचे ओरखडे बघायला घरातली तरुण मुलं पुरेशी आहेत.

प्रश्न : मुलाच्या हातात नवी गाडी दिलीत का? (औंधहून एक आई)

उत्तर : दिली. पहिले दोन महिने रविवारी सकाळी साडेसहाला पाषाण रस्त्यावर. मी शेजारी आणि डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी, खाली जुना टॉवेल. पहिल्या रविवारी टॉवेल पिळावा लागला. आठव्या रविवारी वाटीतलं पाणी दोनदाच सांडलं, दोन्ही वेळा कुत्रं आडवं आलं म्हणून, आणि तेव्हा त्याने ब्रेक मारला तो योग्यच मारला. आता पुढच्या महिन्यात त्याला पसरणी घाटात न्यायचं ठरलंय. मागे बसायला आईने होकार दिला आहे. फक्त लिंबू बरोबर घ्या म्हणाली.